भिंतीला तोंडही असतं

भिंतीला कान असतात असं आपल्याकडे म्हणतात. मला विचाराल तर भिंतीला तोंडही असतं, आणि इतिहास समजून घ्यायचा तर ते कानांपेक्षा जास्त कामाचं. आजचं वीकेंड पुराण त्या तोंडाबद्दल.

हल्ली पुण्या-मुंबईत 'स्ट्रीट आर्ट' बघायला जाणं हा रविवार सकाळचा रीतसर कार्यक्रम झालाय. पुण्यात कसबा पेठेच्या जुन्या भिंतींवर २०१२ च्या सुमारास हर्षवर्धन कदम ह्या चित्रकाराने आणि त्याच्या साथीदारांनी मोठमोठी चित्रं काढली. मुंबईत त्याआधी, २००९ मध्ये, सेनापती बापट मार्गावर (म्हणजे आपला तुळशी पाईप रोड) रेल्वेलगतची लांबलचक भिंत शेकडो लोकांनी मिळून रंगवली होती. २०१२ पासून रणजित दहिया वांद्र्याच्या भिंतींवर सिनेमातले चेहरे काढू लागला, २०१४ मध्ये तिथल्याच एमटीएनएलच्या इमारतीवर भलेमोठे दादासाहेब फाळके आले, आणि २०१७ मध्ये तर अख्ख्या ससून डॉकचंच प्रदर्शन झालं. मासळीच्या वासासकट!

हे सगळं छानच आहे. फोटो मीही काढलेत, डीपीही ठेवून झालेत. पण ह्या विषयावर काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: 'भारतात भिंतचित्रांची ही नवी लाट.'

नवी? अहो, मी हदगावचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हदगाव हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इथे आर्ट गॅलरी नाही. पण रंगवलेली भिंत नाही असा रस्ताही नाही. लग्न झालेल्या घराच्या दाराशेजारी गणपती, दोन हत्ती आणि नवरा-नवरीची तारखेसकट नावं. जिल्हा परिषदेच्या शाळेवर पाढे, बाराखडी आणि महाराष्ट्राचा नकाशा. (ह्याला शिक्षण खात्याच्या भाषेत 'बोलक्या भिंती' म्हणतात. इतका नेमका शब्द सरकारी कागदात कसा काय आला ह्याचं मला अजून कौतुक वाटतं.) सरकारी दवाखान्यावर लसीकरण, कंपाउंडवर सिमेंटची जाहिरात, चौकात निळ्या रंगावर बाबासाहेब.

सांगायचा मुद्दा हा की आमच्याकडे भिंत ही शोभेची गोष्ट कधी नव्हतीच. ती सांगायची जागा होती. कोणाला तरी काहीतरी सांगायचं असायचं आणि ऐकणाऱ्याला वाचता येईलच ह्याची खात्री नसायची. म्हणून चित्र. त्यामुळे मराठवाड्यातल्या गावाचा इतिहास शोधायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे: भिंतीवरचा शब्द कधी बदलला ते बघा. तिथला शब्द बदलला की समजायचं, खाली जमिनीवर काहीतरी मोठं घडून गेलंय.

पहिला बदल लिपीचा. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. राज्यकारभाराची भाषा उर्दू, घरची मराठी. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पुस्तकात हे तीन ओळीत संपतं. पण विचार करा, कचेरीबाहेरच्या पाटीवरची अक्षरं उजवीकडून डावीकडे जायची ती एका पिढीत डावीकडून उजवीकडे जायला लागली. ज्याची नोकरी एका लिपीवर चालत होती त्याला दुसरी गिरवावी लागली, आणि ज्याला कचेरीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा त्याला तो स्वतः वाचता यायला लागला. सत्तांतर म्हणजे साध्या माणसासाठी हेच असतं.

दुसरा बदल माझ्या आवडीचा, कारण तो फक्त एका शब्दाचा आहे. लाल त्रिकोण आठवतोय का? टोक खाली असलेला, साधा, लाल. १९६० च्या दशकात दीप त्यागी नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या डोक्यातून तो निघाला. डिझाईन म्हणून तो आजही नंबर एक आहे असं माझं मत. कोणत्याही खेड्यातल्या पेंटरला पट्टी आणि एक डबा रंग घेऊन तो काढता येतो, निरक्षर माणसाला ओळखता येतो, आणि कोणत्याही भाषेत चालतो. घानासारख्या देशांतही तो पोचला. आपल्या क्लायंटला असा लोगो दाखवला तर तो म्हणेल, 'थोडा पॉप नाही होत आहे' :)

पण ह्याच त्रिकोणाची दुसरी बाजू आणीबाणीत दिसली. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांवर आणि कित्येक जबरदस्तीने. ह्यात महाराष्ट्र मागे नव्हता. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये मंजूर करणारं आपलं विधिमंडळ देशातलं पहिलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. १९७७ मध्ये सरकार पडलं, आणि नव्या सरकारने खात्याचं नावच बदललं: 'कुटुंब नियोजन' चं 'कुटुंब कल्याण' झालं. भिंतींवरचा त्रिकोण तसाच राहिला, शब्द तेवढा पुसून नवा लिहिला गेला. एका शब्दावर मारलेला चुन्याचा हात म्हणजे सरकारने न बोलता दिलेली कबुलीच होती.

हे झाले वरून खाली येणारे शब्द. तिसरा बदल खालून वर गेला, आणि तो फार महाग पडला.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबादला सुरू झालं. त्याच शहरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये कॉलेज काढून दलित मुलांना उच्च शिक्षणाचं दार उघडलं होतं. म्हणून विद्यापीठाला त्यांचं नाव द्या अशी मागणी. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जाळली, माणसं मारली. नांदेड जिल्हा सगळ्यात जास्त होरपळलेल्यांपैकी एक. आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे ह्यात मारले गेले. पुढची सोळा वर्षं ठराव कागदावर राहिला आणि मागणी भिंतीवर. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे ह्या तरुणाने ह्याच मागणीसाठी स्वतःला जाळून घेतलं. अखेर १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव आलं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुना शब्द काढला नाही, नवा त्याच्या आधी जोडला, म्हणून 'नामांतर' ऐवजी 'नामविस्तार'.

माझा जन्म ह्यानंतरचा. मला हे सगळं तयार मिळालं, जसं पुढच्या टीममेटला चालू सिस्टीम मिळते. पण एका पाटीसाठी सोळा वर्षं आणि इतके जीव का गेले, हे ज्याला 'नुसतं नावच तर आहे' वाटतं त्याला समजणार नाही. भिंतीवर कोणाचं नाव लिहायचं हा कधीच रंगाचा प्रश्न नसतो. भिंत कोणाची हा प्रश्न असतो. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवलं त्यांनी चौकातल्या भिंतीवर आपलं नाव लिहिलं, हीच त्यातली खरी घटना. निळ्या रंगावरचे बाबासाहेब बघताना मी म्हणूनच 'कलात्मक आहे की नाही' असा विचार करत नाही.

आता ह्या सगळ्यात एक माणूस राहून गेला. पेंटर!

सरकारचा त्रिकोण, कंपनीची जाहिरात, मोर्च्याचं बॅनर, लग्नाचे हत्ती आणि दुकानाची पाटी, बऱ्याचदा सगळं एकाच हाताचं. सुताला रंग लावून भिंतीवर दोरी ओढायची, दोन सरळ रेषा उमटवायच्या, त्यात खडूने अक्षरं आखायची आणि चपट्या ब्रशने भरायची. मजकूर लांब असला तर शेवटची अक्षरं बारीक व्हायची (आमच्या भाषेत टेक्स्ट ओव्हरफ्लो). खाली कोपऱ्यात सही: 'अमुक आर्ट्स'. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन १९३० च्या दशकात मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवूनच पोट भरत होते, हे लक्षात ठेवा.

दोन हजारनंतरच्या दशकात फ्लेक्स आला आणि हे काम काही वर्षांत बसलं. दिवसभराचं काम मशीन काही मिनिटांत करतं, त्यात फोटोही येतात, आणि वाढदिवस म्हटलं की चाळीस चेहरे लागतातच. माझी तक्रार फ्लेक्स कुरूप असतो ही नाही. तो थर ठेवत नाही ही आहे. भिंतीवरच्या जुन्या रंगातून आधीचा मजकूर डोकावतो, पाऊस पडला की चुन्याखालची घोषणा वर येते. फ्लेक्स उतरवला की खाली काहीच नसतं. तो गोठ्यावर जातो.

आणि आता 'स्वच्छ सर्वेक्षण' आलंय. २०१६ पासून शहरांना गुण मिळायला लागले, २०२० पासून राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान आलं, आणि नगरपरिषदांनी भिंती रंगवायला घेतल्या. झाडं, पृथ्वी, ओला कचरा, सुका कचरा. पेंटरच्या हाताला काम मिळालं हे उत्तमच. पण प्रत्येक नवा हात मारताना खालचा एक इतिहास गडप होतो, आणि इथे 'अनडू' नाही. नामांतराच्या घोषणांनी भरलेल्या भिंती मराठवाड्यात होत्या. त्यांतली एक तरी जपावी असं कोणाला सुचलं नाही.

दिल्लीच्या हनिफ कुरेशी ह्या कलाकाराने एक मोठं काम केलं. रस्त्यावरच्या पेंटर लोकांची अक्षरं घेऊन त्याने त्यांचे कॉम्प्युटर फाँट केले, पेंटरच्या नावासकट. हाच माणूस पुढे मोठ्या म्यूरल चळवळीच्या संस्थापकांपैकी एक झाला. २०२४ मध्ये तो गेला. शहरातली 'नवी लाट' कुठून पाणी पिते हे त्याला नेमकं माहीत होतं.

आपल्याला एवढं जमणार नाही, पण एक गोष्ट जमेल. ह्या दिवाळीला गावी जाल तेव्हा फराळ झाल्यावर फोन घेऊन बाहेर पडा. शाळा, दवाखाना, बसस्टँड, लग्नघर, चौक. दिसेल त्या रंगवलेल्या भिंतीचा फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा, आणि कोपऱ्यातली सही दिसली तर तो पेंटर कुठे असतो ते विचारा. बहुतेक वेळा तो तिथेच चार गल्ल्या सोडून राहत असतो. त्याच्याशी अर्धा तास बोला. कुठल्या भिंतीवर आधी काय होतं हे गावात सगळ्यात जास्त त्यालाच ठाऊक असतं, आणि त्याचा बॅकअप कुठेच नाही.