वसंताची नोंद कोणी ठेवली?

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिच्या पावलावर पाऊल टाकून महाराष्ट्रात गावोगाव अशी ज्ञानसत्रे निघाली. या सत्रांना आपण वसंताचे नाव दिले, पण ती भरतात एप्रिल-मे महिन्यांत. त्या वेळी वऱ्हाडात पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, विहिरी तळ गाठत असतात आणि पळसाची फुले झडून कितीतरी दिवस झालेले असतात. ज्या ऋतूच्या नावाने आपण एकत्र जमतो, तो ऋतू खरोखर येतो केव्हा, आणि तो आला हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न दिसतो तितका काव्यमय नाही. त्याला इतिहास आहे, आणि त्यात काही माणसांच्या पोटाचाही संबंध आहे.

हा प्रश्न आम्ही मुकुटबनच्या बाजूने पाहू इच्छितो. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, झरी-जामणी तालुक्यात, वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे गाव आहे. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे तेलंगण. जमिनीवर कापूस, जमिनीखाली चुनखडीचा दगड, आणि माळरानांवर व जंगलात पळस, मोह, साग. कोलाम आणि गोंड लोकांची वस्ती या भागात जुनी आहे. त्यांच्या दृष्टीने वसंताची खूण कागदावर नसते, झाडावर असते.

पळस थंडीच्या अखेरीस पाने टाकतो आणि नव्या पानांची वाट न पाहता फुलतो. साधारणपणे हे फेब्रुवारी-मार्चमध्ये घडते. त्याच्या मागोमाग मोह येतो. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे त्यांच्या रसरशीत, गोड पाकळ्या जमिनीवर गळून पडतात. उजाडण्यापूर्वी घरातली बायकापोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वेचलेली फुले उन्हात वाळवून ठेवायची, काही खायची, काही विकायची. दुष्काळाच्या वर्षांत मध्य भारतातील कित्येक वनवासी कुटुंबांना याच फुलांनी तगविले आहे. ही गळ काही आठवड्यांपुरतीच असते. ती कधी सुरू होईल हे आधी सांगता येत नाही. एखाद्या वर्षी लवकर, एखाद्या वर्षी उशिरा; एका शिवारात सुरू झाली तरी शेजारच्या शिवारात अजून पत्ता नाही. पळसाला पाने तीनच, हे कुठेही गेले तरी खरे. पण त्याच्या फुलण्याचा दिवस मात्र दोन गावांत एक नसतो.

आता पंचांगाकडे वळू. पंचांगात वसंताचे दोन दिवस ठळक आहेत : माघ शुद्ध पंचमीची वसंतपंचमी आणि चैत्राचा पाडवा. २०२३ साली वसंतपंचमी २६ जानेवारीला आली. पुढच्याच वर्षी ती १४ फेब्रुवारीला आली. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. ही तूट दर साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालून भरून काढावी लागते, म्हणून सण कधी पुढे तर कधी मागे सरकतात. शास्त्राप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. २०२४ मध्ये हा शास्त्रोक्त वसंत ९ एप्रिलला लागला आणि ६ जूनला संपला. सूर्य मृग नक्षत्रात जातो तो ७ जूनच्या सुमारास. म्हणजे कागदावरचा वसंत संपला तो थेट पेरणीच्या तोंडावर! वैशाखवणवा या शब्दाला ज्या भाषेत जन्म मिळाला, त्याच भाषेत वैशाख वसंतात मोजला जातो, ही विसंगती आपल्या नजरेतून सहज निसटते.

याचे कारण केवळ अधिक मासात नाही. विषुवबिंदू तारामंडळात हळूहळू मागे सरकतो, सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश. आपली पंचांगे ताऱ्यांच्या आधाराने चालतात आणि ऋतू मात्र विषुवबिंदूच्या आधाराने. म्हणून मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यावर आली, तरी सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळलेला असतो तो २१-२२ डिसेंबरलाच. सहाव्या शतकात वराहमिहिराने हे ओळखले होते. जुन्या ग्रंथांतील अयनाचे स्थान आणि आपल्या काळचे स्थान वेगळे आहे, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. लोकमान्यांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये याच सरकण्याच्या आधाराने वेदकाल ठरविण्याचा प्रयत्न केला. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि त्यांचे सहकारी तर ऋतूंशी जुळणारे सायन पंचांग काढून मोकळे झाले. लोकांनी मात्र ते स्वीकारले नाही. सण कोणत्या दिवशी करायचा ही सवय गणितापेक्षा बलवत्तर ठरली.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे केशव लक्ष्मण दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे दोन मराठी सभासद होते. समितीने वसंताचे महिने फाल्गुन आणि चैत्र असे ठरविले, म्हणजे तो एक महिना अलीकडे ओढला. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. साहा त्यापूर्वी वर्षभर आधीच निवर्तले होते. मुकुटबनचा पळस पाहिला तर समितीचा निर्णय योग्य होता, असेच म्हणावे लागते. पण आज ही दिनदर्शिका राजपत्रावर आणि आकाशवाणीच्या उद्घोषणेत भेटते. घरातल्या भिंतीवर मात्र जुनाच वसंत टांगलेला आहे.

तिसरा हिशेब राज्यकर्त्यांचा. मराठी कागदपत्रांतील सुहूर सन मृगापासून सुरू होई, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. फसली सनाच्या तर नावातच फसल आहे. निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुअमली कारभारात असो, की १८५३ नंतर वऱ्हाड इंग्रजांकडे आल्यावर असो, सरकारचे वर्ष सारा ज्यावर बसतो त्या पिकाच्या अवतीभवती फिरत राहिले. पाऊस आणि कापणी यांच्या तारखा दप्तरात आल्या, कारण त्यांत पैसा होता. वसंतात शेतात फारसे काही नसते. जे असते ते झाडाखाली असते. त्याची दखल सरकारने घेतली ती वेगळ्या रीतीने. १९२७ च्या वन अधिनियमात मोहाची फुले आणि बिया, मग त्या जंगलातून आलेल्या असोत वा नसोत, ‘वनोपज’ ठरल्या. मोह कोणाचा हे कायद्याने लिहिले. तो केव्हा फुलला हे कोणी लिहिले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलले. दुसरा प्रश्न तसाच राहिला.

उत्तरेकडील थंड देशांत वसंत याहूनही लहरी. आला म्हणावा तर पुन्हा बर्फ पडते. पण तेथे काही लोकांनी त्याच्या वह्या ठेवल्या. इंग्लंडातील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ पासून पहिले फूल, पहिले पान, पहिल्या पक्ष्याचा स्वर अशा खुणांच्या तारखा टिपल्या, आणि त्याच्या वंशजांनी हा उपक्रम १९५८ पर्यंत चालविला. जपानातील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पासून सापडतात; दरबारी रोजनिशीत बहराच्या मेजवानीचा दिवस लिहिलेला असे. त्या नोंदींमुळेच २०२१ चा २६ मार्चचा बहर हा बारा शतकांतला सर्वांत लवकर आलेला बहर होता, असे जगाला सांगता आले. मौजेखातर लिहिलेली तारीख पुढे पुरावा झाली.

आमच्याकडे ग्रहणाची घटिका-पळे लिहिणारे विद्वान होते, साऱ्याचा पैसा-पैसा लिहिणारे पाटील-कुळकर्णी होते. पळस फुलल्याचा दिवस ज्यांना ठाऊक होता त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना त्या दिवसाची गरज नव्हती. त्याचा परिणाम आज दिसतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भासह महाराष्ट्रात गारपीट झाली, तेव्हा उभ्या गव्हा-हरभऱ्याचे पंचनामे झाले, कारण ती पिके सातबाऱ्यावर होती. झाडाखाली वेचायच्या मोहाला सातबारा नाही. हवामान बदलत आहे हे आपण सर्व ऐकतो. पण मुकुटबनचा मोह पन्नास वर्षांपूर्वीपेक्षा किती दिवस आधी किंवा उशिरा गळू लागला, असे कोणी विचारले तर दाखवायला कागद नाही. म्हाताऱ्या माणसांची आठवण आहे, आणि आठवणीला कचेरीत कोणी विचारीत नाही.

ही उणीव भरून काढायला समिती नको, वेधशाळा नको. शाळेत एक जाड वही आणि शाळेजवळचे ठरलेले एक पळसाचे, एक मोहाचे झाड पुरे. पहिले फूल दिसले तो दिवस, पहिली गळ झाली तो दिवस, आणि अवकाळी पाऊस पडला असेल तर तो दिवस, एवढ्या तीन तारखा दर वर्षी लिहाव्या. त्या सांगाव्या मात्र वेचणाऱ्या बायांनी, कारण गुरुजींपेक्षा त्या झाडाखाली लवकर पोहोचतात. दहा वर्षांत त्या वहीला काही अर्थ येईल, तीस वर्षांत ती इतिहासाचे साधन होईल. या सत्राला जमलेल्या मंडळींपैकी कोणी आपापल्या गावी अशी वही सुरू केली, तर वसंताचे नाव आपण उगाच लावले नाही, असे आम्हांस वाटेल.