पेन्शन पौंडांत, महसूल रुपयांत

हिंदुस्थानात २५ वर्षे नोकरी करून सिव्हिल सर्व्हिसमधला इंग्रज अधिकारी मायदेशी परते, तेव्हा त्याला वर्षाला १,००० पौंड पेन्शन लागू होई. रक्कम लंडनमध्ये, पौंडांत मिळे. पैसा मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाई. हे सारे शिस्तीत, नियमाने चाले, हे ध्यानात ठेवून पुढचा धागा वाचावा.

१८७०च्या सुमारास रुपयाचा भाव जवळपास २ शिलिंग होता. म्हणजे १,००० पौंडांसाठी साधारण १०,००० रुपये लागत. पुढे जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारून चांदी विकायला काढली, अमेरिकेतील खाणींतून नवी चांदी येऊ लागली, आणि चांदीचा रुपया घसरत गेला. १८९४-९५ मध्ये त्याला जेमतेम १३ पेन्स येत होते. पेन्शन तीच, पेन्शनर तोच. पण त्याला द्यायला आता १८ हजारांवर रुपये लागू लागले.

मुंबई इलाख्यात शेतसारा साधारण ३० वर्षांसाठी ठरलेला असे, तोही रुपयांत. मग वाढीव रुपये आणायचे कोठून? १८८६ साली प्राप्तिकर आला. १८८८ साली मिठावरचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. त्यामागे ब्रह्मदेशाच्या युद्धाचा खर्चही होता, हे खरे. पण रुपयाची घसरण हे कारण सरकार स्वतःच पुढे करीत होते. मीठ तर सर्वांत गरीब माणसालाही लागतेच.

पेन्शन हा ‘होम चार्जेस’चा एक भाग. रेल्वेवरचे व्याज, लष्करी खर्च, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च हेही त्यातच. इंग्रज म्हणत, ही तर झालेल्या सेवेची किंमत. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. अधिकाऱ्याच्या पगारातून पेन्शनसाठी ४ टक्के कपातही होत असे. पण नोकर कोण असावा, त्याला किती द्यावे, हे ठरविताना पैसे भरणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. माझ्या मते खरी मेख तेथे आहे.

दादाभाई नौरोजींनी १८८० साली आणखी एक हिशेब मांडला. इंग्रज निवृत्त होतो तेव्हा पैशाबरोबर अनुभवही बोटीत चढतो. कारभाराचे शहाणपण या देशात साचतच नाही. पुण्या-मुंबईत निवृत्त झालेला देशी मामलेदार निदान चार तरुणांना सल्ला तरी देई! १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना फर्ग्युसन कॉलेजचे तिशीतले प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले याच मुद्द्यावर आले: वरच्या जागा परक्यांच्या हाती राहिल्याने होणारी हानी केवळ पैशाची नाही, माणसे खुजी राहतात. आयोगावर सदस्य म्हणून दादाभाई स्वतः बसले होते.

१९४७ साली सत्ता गेली, पेन्शनर उरले. दुसऱ्या महायुद्धात पुरविलेल्या माल-सेवेपोटी ब्रिटनकडे भारताचे सुमारे ११६ कोटी पौंड जमा होते. जुलै १९४८ च्या करारात त्यातले १६ कोटी ८० लाख पौंड, म्हणजे २२४ कोटी रुपये, ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनांसाठी एकरकमी वळते झाले. एकूण जमेचा जवळजवळ सातवा हिस्सा.