पायांखालचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्यापुढे बखरी, सनदा आणि ताम्रपट उभे राहतात. पण जो इतिहास कोणी लिहून ठेवलाच नाही, तो वाचावा कसा? आमचे उत्तर साधे आहे. तो पायी हिंडून वाचावा.

दक्षिण इंग्लंडात खडूच्या दगडाच्या, गवताने झाकलेल्या टेकड्या आहेत. त्या पायी तुडविणे हा तेथील लोकांचा जुना छंद. १६४९ साली जॉन ऑब्री हा गृहस्थ शिकारीच्या निमित्ताने त्या मुलखात फिरत असता एव्हबरी गावी आला आणि गावकऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातली प्रचंड शिलावर्तुळे किती प्राचीन असावीत, हे त्याच्या ध्यानी आले. तिकडेच उफिंग्टनजवळ टेकडीच्या उतारावर सुमारे ११० मीटर लांबीचा पांढरा घोडा आहे. चर खणून त्यांत खडू ठेचून तो काढलेला. वय अदमासे तीन हजार वर्षे! पण नवल त्याच्या वयाचे नव्हे, तो टिकला याचे आहे. काही वर्षे दुर्लक्ष झाले, तर गवत त्याला गिळून टाकील. पिढ्यान्‌पिढ्या लोक जमले, त्यांनी गवत काढले, चर साफ केले. राज्ये गेली, भाषा बदलली, धर्म बदलला. घोडा मात्र राहिला.

हिंडून भूमी जाणण्याची ही विद्या आपल्याला परकी आहे काय? मुळीच नाही. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, तेथील देवळे, मठ आणि त्यांच्या दिशा महानुभावांच्या चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’त नोंदलेल्या आहेत. आपल्याच काळात दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे पंडित पुण्याभोवतीची राने पायी धुंडाळीत, आणि धनगरांच्या वाटांवर अश्मयुगीन हत्यारे वेचीत.

तेव्हा आपणही आपल्या परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातील वालूरला जाऊ. येथे पायांखाली खडू नाही, काळा पाषाण आहे. खडूचे थर सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचे. ज्या युगात ते साचले, त्या युगाच्या अखेरीस, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे लाव्हाचे लोट पसरून हा पाषाण झाला. खडूत पाणी मुरते आणि टेकडीच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर येते. म्हणून तिकडची पुष्कळ जुनी गावे पायथ्याला ओळीने वसली. आपल्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत दडते. ते खोदून गाठावे लागते. वैशाखात पातळी खाली जाते, तेव्हा माणसानेही तिच्या मागोमाग खाली उतरावे, यासाठीच बारव!

यादवकाळाच्या आसपास मराठवाड्यात अशा पुष्कळ बारवा झाल्या. एकट्या वालुरात एकाहून अधिक आहेत. इतरत्र बहुधा पायऱ्या सरळ उतरतात. येथील प्रसिद्ध बारवेत त्या चक्राकार वळत पाण्याकडे जातात. हे चित्रात पाहून कळत नाही. स्वतः उतरावे लागते. पायरी कोठे अरुंद होते, ऊन कोठे संपते, गारवा कोठे सुरू होतो, हे पायांनाच समजते.

बारवा ओस का पडल्या? नळ आले, पंप आले. शिवाय पायऱ्यांच्या विहिरींत लोक पाण्यात उतरत, त्यातून नारूचा रोग पसरे. म्हणून देशात अशा अनेक विहिरी बंद कराव्या लागल्या. ते योग्यच झाले. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पण पिण्याचे पाणी दुसरीकडून आले, म्हणून बारवेत केरकचरा टाकावा, असे कोणत्या वैद्याने सांगितले होते? गाळाने विहीर बुजते, आणि विहिरीबरोबर तिची आठवणही बुजते.

अलीकडे वालूरच्या गावकऱ्यांनी श्रमदान करून गाळ उपसला आणि बारव मोकळी केली. उफिंग्टनचे गवत काढणारे हात आणि वालूरचा गाळ उपसणारे हात यांत आम्हांस भेद दिसत नाही. मात्र एकदा उपसून भागत नाही. पुढच्या पिढीने पुन्हा उतरले पाहिजे.

म्हणून एवढीच विनंती. हे व्याख्यान विसरलात तरी चालेल. पण येत्या सुटीत मुलांना घेऊन आपल्या शिवारातील जुन्या विहिरीपर्यंत पायी जा, आणि तिच्यात डोकावून पाहा. पाणी दिसले तर आनंद आहे. गाळ दिसला तर काम आहे.