प्ले स्टोअरला पर्याय टिकवणं अवघड का जातं?

अँड्रॉइडवर ॲप घ्यायचं म्हणजे प्ले स्टोअर, हे समीकरण पक्कं आहे. त्याला देशी पर्यायही आहे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने इंडस ओएस सुरू केलं. पुढे ही कंपनी फोनपेने घेतली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये मराठीसह 12 भारतीय भाषांत इंडस ॲपस्टोअर आणलं.

मग अडतं कुठे?

प्ले स्टोअर फोनसोबतच येतं. दुसऱ्या स्टोअरचा फोन कंपनीशी करार नसेल, तर ते वेबसाइटवरून घ्यावं लागतं आणि स्क्रीनवर धोक्याचा इशारा येतो. समजा, छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या डेव्हलपरने ॲप बनवलं. ग्राहक कमी असलेल्या स्टोअरसाठी तो वेगळी मेहनत का घेईल? आणि ॲप नसतील, तर ग्राहक कशाला येतील? सर्व्हर आणि ॲपच्या तपासणीचा खर्च मात्र थांबत नाही.

कायदा काय म्हणतो?

स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला 1,337.76 कोटींचा दंड ठोठावला आणि इतर स्टोअरना प्ले स्टोअरवर जागा द्यायला सांगितलं. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ही अट रद्द केली.

स्टोअर कोणतंही असो, ॲप घेण्याआधी ते कोणी बनवलंय आणि कोणत्या परवानग्या मागतंय, हे नक्की पाहा.