‘सोंड’ : अपभ्रंश नव्हे, नियम

१/ कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरच्या शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिराच्या तळाशी हत्तींचा गजथर आहे. त्यांतील अनेकांच्या सोंडा आज भग्न आहेत. ‘सोंड’ हा शब्द मात्र शाबूत आहे.

२/ संस्कृत ‘शुण्डा’, प्राकृत ‘सोंडा’, मराठी ‘सोंड’. प्राकृतात ‘श’चा ‘स’ आणि जोडाक्षरापूर्वीच्या ‘उ’चा ‘ओ’ होतो. ‘तुण्ड’चे ‘तोंड’ झाले ते असेच. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात हा दुसरा नियम नोंदवला.

३/ ‘हत्ती’चे मूळही सोंडेतच : ‘हस्तिन्’ म्हणजे हात असलेला.

४/ लिहावे ‘सोंड’, उच्चारावे ‘सोण्ड’. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. हा उच्चारित, म्हणून टिकला.

५/ बोलीतले रूप म्हणजे बिघडलेले संस्कृत नव्हे. त्यालाही स्वतःचे व्याकरण असते.