वालधुनीकाठची नगररचना

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायला विद्वान मंडळी असतात. मी युनियनचा माणूस. शाळा नववीत सुटली. पुढचे वाचन ग्रंथालयाच्या बाकावर आणि दोन गेटसभांच्या मधल्या वेळात झाले. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी. विषय मात्र माझ्या पायाखालचा आहे. हवामान बदलत आहे, त्याला गावांनी तोंड कसे द्यावे, असे आज सर्वत्र विचारले जाते. अंबरनाथपुरते बोलायचे तर त्याआधी एक जुना प्रश्न सोडवावा लागतो. या गावच्या पाण्याची आखणी आजवर कोणी केली?

पहिली आखणी शिवमंदिर बांधणाऱ्यांची. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे साल आहे. काळ शिलाहार राजा मुम्मुणी याचा. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. वालधुनीच्या इतक्या काठाशी आणि इतक्या खोल ज्यांनी दगड बसवले, त्यांनी नदीचा स्वभाव चार पावसाळे तरी न्याहाळला असला पाहिजे. हा अर्थात माझा तर्क. पण गवंडीकाम केलेल्या माणसाला तो पटतो.

त्यानंतर आठशे वर्षांनी, १८५६ साली, कल्याणहून खोपोलीकडे रूळ गेले. वाफेच्या इंजिनांना पाणी हवे म्हणून रेल्वे कंपनीने काकोळ्याला बांध घातला. कंपनी गेली, ती इंजिने गेली, तरी आपण अजून जीआयपी टँकच म्हणतो. १९२४ च्या सुमारास विम्कोचा काड्यापेटीचा कारखाना आला. शेजारी निर्वासितांच्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. १९५३ साली मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली. पुढे औद्योगिक वसाहत आली आणि १९७२ साली बारवी धरण झाले. यातले प्रत्येक काम कागदावर नीट आखलेले होते. पाणी किती लागेल, कोठून आणायचे, नळ किती इंची, सगळे लिहिलेले. वापरलेले पाणी कोठे जाईल याचा हिशेब मात्र तेवढ्या काळजीने कोणी मांडला नाही. ते उतार धरून वालधुनीत गेले.

आणि गावाची स्वतःची सभा? नगरपालिका झाली १९५९ साली. १९८३ मध्ये ती कल्याण महापालिकेत विलीन झाली आणि १९९२ साली पुन्हा सुटी झाली. म्हणजे मधली नऊ वर्षे आमचे निर्णय कल्याणला होत होते. औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत नियोजनाचा अधिकार आजही महामंडळाचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचना आणि पर्यावरणरक्षण ही कामे पालिकांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली खरी. पण नाला काही हद्द पाहून वाहत नाही. तो महामंडळाच्या जमिनीत सुरू होतो, अंबरनाथच्या चाळींमागून जातो आणि उल्हासनगरच्या घरांत शिरतो.

आता आमच्याविषयी, म्हणजे कामगारांविषयी, बोलले पाहिजे. मी विशीत असताना एका रासायनिक कारखान्यात हेल्पर होतो. पावसाचा जोर वाढला की रात्रपाळीचा सुपरवायझर मागल्या टाकीचा कॉक सोडायला सांगे. पावसाच्या लोंढ्यात रंग दिसत नसे. तो कॉक मी कितीदा तरी माझ्या हाताने फिरवला आहे. पुढे युनियन झाली. आम्ही बोनस मागितला, महागाई भत्ता मागितला, कँटीन आणि हातमोजे मागितले आणि लढून मिळवले. त्या कॉकविषयी मागणीपत्रात एक ओळ लिहिली नाही. कारखाना बंद पडेल ही भीती मालकाने घातली होती, आणि ती आम्हांला सोयीचीही होती. नाल्याच्या खालच्या अंगाला राहणारी माणसे आमच्यासारखीच पगारदार होती, हे आम्हांला ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही.

२०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनीत टँकरने रासायनिक सांडपाणी ओतले गेले आणि त्याच्या वायूने शेकडो माणसांना इस्पितळात न्यावे लागले. वनशक्ती संस्थेच्या अर्जावर २०१५ साली हरित न्यायाधिकरणाने सांडपाणी केंद्रे आणि पालिका यांच्यावर कोट्यवधींची आकारणी केली. इतक्या उशिरा, आणि तीही बाहेरून.

पाऊसही पूर्वीचा राहिला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. २६ जुलै २००५ आपण भोगले. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवासी नावांतून काढावे लागले. असे पाणी जेव्हा अरुंद केलेल्या वालधुनीत येते तेव्हा ते एकटे येत नाही. आम्ही सोडलेले सर्व काही घेऊन घरात येते.

म्हणून गावाची आखणी व्हायची तर ती नाल्यापासून व्हावी, आणि कारखान्यात काम करणाऱ्यांना विचारून व्हावी. हिवरे बाजारने दरसाल ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. आपल्याकडे पिके नाहीत, पण कोणत्या शेडचे पाणी कोणत्या गटारात पडते हे फिटर आणि हेल्पर यांना पाठ असते. कोणत्या चाळीत कितव्या पायरीपर्यंत पाणी चढले हे तेथल्या बायांना विचारावे. हे दोन्ही एकाच नकाशावर आले, तर पालिका आणि महामंडळ यांना एका टेबलाशी बसवता येईल.

त्या टेबलावर आणखी एक गोष्ट ठेवावी लागेल. काही वर्षांपूर्वी उल्हासनगरचे जीन्स धुण्याचे कारखाने प्रदूषणापायी बंद करण्यात आले. नदीच्या बाजूने ते योग्यच होते. पण त्यांतल्या रोजंदारीवरच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी काय खावे, हे कोणत्याही आदेशात नसते. असा माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी, दुसऱ्या नाल्याच्या काठी तेच काम करताना आढळतो. तेव्हा नदीच्या योजनेत बंद होणाऱ्या खात्यातील कामगाराच्या सहा महिन्यांच्या पगाराचे आणि नव्या कामाच्या शिक्षणाचे कलम पहिल्या पानावर असले पाहिजे. आमच्या पुढच्या मागणीपत्रात ते आम्ही घालणार आहोत, आणि त्याच्या शेजारी, तीस वर्षे उशिरा, मागल्या टाकीच्या कॉकचे.