शेक, गार पाणी आणि उरुळी कांचन

दुखऱ्या अंगाला शेक देण्याची रीत फार जुनी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे 13 प्रकार सांगितले आहेत. त्यांतला संकरस्वेद म्हणजे गरम पुरचुंडीचा शेक. जामखेडच्या माळरानापासून कोकणापर्यंत घरोघरी चालतो तो याच जातीचा: खडेमीठ तव्यावर तापवायचे, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधायचे, आधी मनगटावर चटका पाहायचा, मग कंबरेवरून फिरवायचे.

गरम आणि गार पाणी आलटूनपालटून वापरण्याची शिस्तबद्ध पद्धत मात्र एकोणिसाव्या शतकातील युरोपीय जलचिकित्सेतून आली. लाइपझिगच्या लुई कुन्हे यांचे स्नानोपचार गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत स्वतःवर करून पाहिले. मार्च 1946 मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला रोगी तपासले. तिथला निसर्गोपचार आश्रम पुढे मणिभाई देसाई यांनी निष्ठेने वाढवला. माती, पाणी आणि ऊन यांवर गरिबाला बरे करू पाहणारा हा प्रयोग खेड्याला खरोखर मानणारा होता.

उबेने रक्तवाहिन्या रुंदावतात, गारव्याने आकसतात. या आलटापालटीने दुखणे काही काळ हलके होते. ताज्या मुरगळीला शेक देत नाहीत, आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला तर मुळीच नाही.